पुढच्या पिढीचा कॉम्प्युटर: डीटीपीवाल्यांना काय हवंय ते विचारतंय कोण?

कंपोझ_कराड

मंडळी, नमस्कार. कराडला माझं डीटीपीचं दुकान आहे, १९९८पासून. लग्नपत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका, निवृत्त गुरुजींचे कवितासंग्रह, सगळं मॅटर या टेबलावरून गेलंय. आता निम्मा गल्ला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचा असतो, पण पाटीवर 'अक्षरजुळणी' लिहिलंय आणि ते मी पुसणार नाही.

मशीन २०१७चं. इंटेल आय-५, सातवी पिढी, एसएसडी मागाहून टाकलेली. कामाला काही तक्रार नाही. पण विंडोज १०चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले, आणि विंडोज ११च्या यादीत इंटेलचे प्रोसेसर थोडे अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासूनचेच आहेत. वाढीव सुरक्षा अपडेट घेतले आहेत, ते १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. म्हणजे धडधाकट मशीनला सक्तीची निवृत्ती, आणि पेन्शनही नाही.

म्हणून साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंत दुकानांत चौकशी केली. जो तो म्हणतो, "मॅडम, आता एआय पीसीच घ्या." त्यात वेगळं काय? तर कीबोर्डवर उजव्या कंट्रोलच्या जागी एक नवं बटण, आणि आत एनपीयू, म्हणजे एआयच्या कामांसाठीचा वेगळा भाग. त्या एनपीयूने माझं कुठलं काम हलकं होईल, असं विचारलं, तर एक जण म्हणाला, "व्हिडिओ कॉलमध्ये मागची भिंत धूसर होते." अहो, माझ्या मागच्या भिंतीवर पत्रिकांचे नमुने टांगलेत. ते दिसावेत म्हणूनच टांगलेत!

शेवटी मीच कागद-पेन घेऊन बसले. मला हवंय ते असं.

आमच्याकडे आठवड्यातून एक दिवस दुरुस्तीसाठी लाइट बंद असते, पावसाळ्यात तर वेळकाळच नाही. इन्व्हर्टर आहे, पण तो लोड उचलेपर्यंतच्या झटक्यात मशीन रिस्टार्ट होतं. म्हणून मधे आणखी एक यूपीएस, आणि त्याची बॅटरी दर दोन-तीन वर्षांनी बदला. लॅपटॉपला बॅटरी, मोबाइलला बॅटरी, मग डेस्कटॉपच्या डब्यातच दहा मिनिटांपुरती बॅटरी का नाही बसवत? फाइल सेव्ह करून नीट बंद करण्यापुरती. बाकी काही मागत नाही.

दुसरं, जुनं मॅटर. माझ्याकडे पेजमेकरच्या (पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या) फाइलींच्या सीडी आहेत, डबेच्या डबे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७, ती येऊन वीस वर्षं उलटली. मजकूर जुन्या फॉन्टांतला, आणि ते फॉन्टचं सॉफ्टवेअर यूएसबीचं लॉक, म्हणजे परवान्याची छोटी काडी, लावल्याशिवाय चालू होत नाही. परवा एक जण आला, वडिलांच्या कवितासंग्रहाची दुसरी आवृत्ती काढायचीय म्हणून. २००३ची फाइल. सापडली आणि उघडलीसुद्धा. नव्या मशीनवर ती उघडेल का, हे एकही दुकानदार छातीठोक सांगेना.

तिसरं, मराठी. हस्तलिखित मी वाचून दाखवावं आणि मशीनने टाइप करावं. प्रूफात 'कि' आणि 'की'चा घोळ त्याने धरून द्यावा. मोबाइल बोललेलं मराठी कधीपासून लिहितोय, मला माहीत आहे. पण माझ्याकडे मृत्युपत्रं येतात, वाटणीपत्रं येतात. एक भाऊ सकाळी येतो, दुसरा दुपारी, आणि दोघांनाही वाटतं की दुसऱ्याला कळू नये. तो मजकूर इंटरनेटवरून कुठेतरी फिरून परत येणार असेल तर नको मला. माझ्याच डब्यात काय ते व्हायला हवं.

आणि डबा उघडता यायला हवा. दुकानात रस्त्याची धूळ, वर टोनरची पावडर. रॅम, डिस्क, पंखा आमच्या गल्लीतल्या पोराला बदलता आला पाहिजे. कीबोर्ड मी टीव्हीएस गोल्डच वापरणार, त्यावर चर्चा नको.

असं मशीन मिळतं का? पुढे मिळणार आहे का? आणि तुमची यादी काय?

पाना_पकड_नाशिक

ताई, डबा उघडणं हेच माझं पोट आहे, तेव्हा आधी त्यावर बोलतो.

माझ्या टेबलावर येणारे नवे पातळ लॅपटॉप उघडले की बऱ्याच वेळा रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली निघते. ८ जीबीचा घेतला तर शेवटपर्यंत ८ जीबीच. २०२४मध्ये आलेल्या इंटेलच्या कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेत तर रॅम प्रोसेसरच्या पॅकेजवरच आहे, १६ किंवा ३२ जीबी. घेताना जे ठरवाल ते कायमचं. बोर्ड गेला की सगळंच गेलं. गिऱ्हाइकाला हे सांगितलं की तो माझ्याकडेच संशयाने बघतो.

त्यात २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलली. मायक्रॉनने डिसेंबर २०२५मध्ये 'क्रूशियल' हा आपल्यासारख्यांना रॅमच्या सुट्या पट्ट्या विकणारा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणून तुमच्या जुन्या मशीनच्या पट्ट्या भंगारात घालू नका.

लॉकबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या 'कोपायलट प्लस' या नावाने जे पहिले एआय लॅपटॉप २०२४मध्ये आले त्यांत स्नॅपड्रॅगनचा एआरएम प्रोसेसर होता, इंटेलपेक्षा वेगळ्या रचनेचा. त्यावर जुने प्रोग्राम नक्कल करून चालतात, पण ड्रायव्हर (जोडलेली यंत्रं चालवणारे छोटे प्रोग्राम) तसे चालत नाहीत, ते एआरएमसाठीच बनवलेले लागतात. तुमच्या लॉकचा तसा ड्रायव्हर कुणी बनवलाय का? जुन्या प्रिंटरचंही तेच. दुकानदार बॅटरी किती तास चालते ते सांगेल, हे सांगणार नाही. इंटेल किंवा एएमडीच घ्या.

बॅटरीवाल्या डेस्कटॉपवर तोडगा काय, तर लॅपटॉप झाकण मिटून मॉनिटरला जोडायचा, यूपीएस आतच आला. फक्त चार्जिंगला ८० टक्क्यांची मर्यादा लावायची. कायम १०० टक्क्यांवर, त्यात उन्हाळ्यात पत्र्याखाली, अशा फुगलेल्या बॅटऱ्या माझ्याकडे एप्रिल-मेमध्ये हमखास येतात.

माझी स्वतःची यादी एका ओळीची आहे. बोर्डाची सर्किट आकृती आणि सुटे भाग. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ला राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं, चांगलं केलं, पण दुरुस्तीवाल्याचं काम कंपनीचा हेल्पलाइन नंबर मिळून होत नाही.

सिलिकॉन_पुणेकर

ताई, मी चिप डिझाइनमध्ये आहे. तुमच्या यादीतल्या दोन मागण्या एकमेकींशी भांडतात.

एनपीयू म्हणजे ठरावीक प्रकारची आकडेमोड कमी विजेत, खूप वेगाने करणारा भाग. मायक्रोसॉफ्टने २० मे २०२४ला 'कोपायलट प्लस पीसी' जाहीर केले तेव्हा अट घातली ४० टॉप्सची, म्हणजे सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया, शिवाय किमान १६ जीबी रॅम. गंमत म्हणजे ही अट लॅपटॉपवाल्यांनी आधी पुरी केली. इंटेलच्या डेस्कटॉपच्या कोअर अल्ट्रा २००एस मालिकेत एनपीयू आहे, पण १३ टॉप्सचा. दुकानदार त्यालाही एआय पीसी म्हणणार.

पण तुम्हाला हवं तसं मराठी प्रूफ घरच्या घरी काढायचं तर अडतं ते आकडेमोडीपाशी नाही, मेमरीच्या वेगापाशी. एआयचं भाषेचं मॉडेल शब्दाचा एकेक तुकडा लिहिताना दर वेळी जवळपास अख्खं मॉडेल मेमरीतून वाचतं. मध्यम आकाराचं, आवळून ठेवलेलं मॉडेल ५ जीबीचं धरा. साध्या डीडीआर४ रॅमच्या दोन पट्ट्यांतून सेकंदाला फार तर ५० जीबी येतात. म्हणजे सेकंदाला दहा तुकडे, तेही कागदावरच्या हिशोबात. आणि देवनागरीत एका शब्दाचे तुकडे इंग्रजीपेक्षा बहुतेक वेळा जास्तच पडतात.

वेग वाढवायचा तर मेमरी प्रोसेसरच्या जवळ न्यावी लागते, वायरी आखूड आणि जास्त. पाना_पकड दादा ज्यावर चिडलेत ते सोल्डरिंग निम्मं याच्यापायी आहे (निम्मं खर्च आणि जाडी वाचवायला, हेही कबूल). फ्रेमवर्क ही अमेरिकन कंपनी २०२१पासून सहज उघडता येणारे लॅपटॉप विकते, तोच तिचा बाणा. त्याच कंपनीने २०२५मध्ये डेस्कटॉप आणला, सेकंदाला २५६ जीबी मेमरी वाचणारा, आणि त्यात रॅम सोल्डर केलेली! मधला मार्ग आहे, एलपीकॅम२ नावाची स्क्रूने बसवायची चपटी मेमरी. लेनोवोने २०२४मध्ये एका थिंकपॅडमध्ये ती दिली. पण तुमच्या गल्लीतल्या दुकानात ती कधी दिसेल कोण जाणे.

तर निवडा. वेगवान एआय की उघडता येणारा डबा?

अजून एक. तुमच्या स्क्रीनवर मृत्युपत्रं असतात म्हणून सांगतो. कोपायलट प्लस पीसींवर 'रिकॉल' आहे, दर थोड्या वेळाने स्क्रीनचं चित्र घेऊन ठेवणारं. टीका झाल्यावर ते लांबवलं आणि एप्रिल २०२५मध्ये आलं ते आपण होऊन चालू केलं तरच चालणारं. चित्रं मशीनवरच राहतात, सांकेतिक करून. तरी तुम्ही ते चालू करू नका.

होस्टेल_पंखा_बंद

माझी यादी: ६० हजारांच्या आत, वजन सव्वा किलो, वाचनालयात पंख्याचा आवाज न येणारा, आणि सगळ्यांना चालणारा एकच चार्जर. युरोपात एप्रिल २०२६पासून नव्या लॅपटॉपला यूएसबी-सी चार्जिंगची सक्ती आहे म्हणे. आपल्या खोलीत चौघांचे चार चार्जर आणि सॉकेट एक.

एआय वापरतो, पण ब्राउझरमध्ये. त्याला नवा कॉम्प्युटर कशाला?

कंपोझ_कराड

पुणेकर, इतकं नीट समजावलंत, धन्यवाद. उत्तर सोपं आहे. उघडता येणारा डबा.

तुम्ही सगळे वेगाचं का बोलता तेच मला कळत नाही. मी प्रूफ कुठे सेकंदात मागतेय? संध्याकाळी साडेआठला शटर खाली येतं, सकाळी साडेनऊला वर. मधले तास मशीन नुसतं पडून असतं. सोळा पानांचा एक फर्मा रात्री त्याला वाचायला लावून जाईन, सकाळी चुकांची यादी तयार मिळाली की झालं. पूर्वी प्रूफं एसटीने साताऱ्याला जायची आणि दोन दिवसांनी लाल शाईत परत यायची. सेकंदाला दहा तुकडे म्हणजे मला शर्यतीतली मोटार वाटते! फक्त लाइट राहिली पाहिजे, म्हणून बॅटरीची मागणी पहिली.

मला वाटतं, हे बनवणारे लोक घाईत असलेल्या माणसासाठी बनवतात. विमानतळावर बसून कॉफी पीत अहवाल करणारा कुणीतरी. माझं गिऱ्हाईक "पत्रिका कधी देता?" विचारतं तेव्हा मी "परवा" म्हणते आणि त्याला ते चालतं.

मला विकत घ्यायचंय ते सोशीक मशीन. हळू चालेल, पण दहा वर्षं चालेल, बाहेर काही सांगणार नाही आणि बिघडलं तर उघडता येईल.

एआरएमची गोष्ट मात्र कुणीच सांगितली नव्हती. एका दुकानात त्याच लॅपटॉपचा ॲडव्हान्स देण्याची गळ घालत होते.

श्रुतलेखन_अमरावती

नमस्कार ताई. मी शिक्षक आहे आणि मला अजिबात दिसत नाही. कॉम्प्युटर मी एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर, वापरतो. दोन अंध ऑस्ट्रेलियन मित्रांनी २००६मध्ये ते सुरू केलं, फुकट आहे, मराठी बोलतं. उच्चार थोडा यंत्रासारखा, पण सवय होते.

तुमचं जुनं मॅटर नव्या मशीनवर उघडावं असं तुम्ही म्हणता. पण उघडून मला काय मिळेल? तुमच्या स्मरणिका, तुमचे कवितासंग्रह जेव्हा पीडीएफ होऊन माझ्याकडे येतात तेव्हा माझं मशीन मराठी वाचतच नाही. ते इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची खूण असलं काहीतरी बडबडतं. तुमच्या डोळ्यांना 'आई' दिसते ती फॉन्टच्या चित्रामुळे, आत मजकूर दुसराच असतो. महाराष्ट्रात युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधी छापलेलं किती साहित्य अशा अवस्थेत पडलंय! छापलेलं पुस्तक स्कॅन करून टेसरॅक्टने (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामने) वाचून घेणं मला सोपं जातं, मूळ फाइल मिळाली तर नाही. हे उलटंच झालं ना?

माझी यादी विचारलीत म्हणून. पहिली गोष्ट, मशीन चालू झाल्या क्षणापासून बोललं पाहिजे. विंडोज सुरू झालं की माझं राज्य, पण त्याच्या आधी बायॉसमध्ये (मशीनच्या सुरुवातीच्या सेटिंगमध्ये) काही अडलं, बूटचा क्रम बदलायचा असला, की शेजारच्या मुलाला हाक मारावी लागते. तिथे स्क्रीन रीडर पोचत नाही. इतकी वर्षं झाली, इतकं एआय आलं, आणि चालू होताना 'डिस्क सापडत नाही' एवढं एक वाक्य मशीनला बोलता येत नाही.

दुसरी, बटणं बोटांना कळली पाहिजेत. फंक्शनच्या रांगेच्या जागी गुळगुळीत पट्टी देणारे लॅपटॉप मध्यंतरी आले होते. देखणे असतील. एफ आणि जेवरचे उंचवटे तेवढे कुणी काढू नयेत. हेडफोनची पिन ठेवा. परीक्षेच्या हॉलमध्ये ब्लूटूथ चालत नाही.

ताई, तुमच्या सोशीक मशीनला माझं मत. पण रात्री त्याला प्रूफाबरोबर आणखी एक काम द्या, जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणण्याचं.

सिलिकॉन_पुणेकर

सर, अगदी खरं. आणि या कामाला एनपीयू लागतच नाही, नियमांनी होतं.

ताईंना हे हाताला माहीत असेलच: जुन्या फॉन्टात 'कि' लिहिताना आधी वेलांटी येते, मग 'क', कारण कागदावर वेलांटी डावीकडे असते. युनिकोडमध्ये आधी 'क', मग वेलांटी. रफार बरोबर उलटा, 'धर्म'चा रफार जुन्या फाइलीत 'म'नंतर येतो, युनिकोडमध्ये 'म'च्या आधी 'र' आणि हलंत. ही उलटापालट करणारे रूपांतरक मिळतात, श्री-लिपीसारख्या पॅकेजांबरोबरही येतात. भानगड होते ती प्रत्येक घराण्याच्या फॉन्टांचा नकाशा वेगळा असल्याने, आणि एकाच पानावर इंग्रजी आकडे, मराठी मजकूर, सजावटीचा फॉन्ट असं मिसळलेलं असल्याने. कोणत्या ओळीला कोणता फॉन्ट होता हे फाइलीतून कळलं तरच सुधारता येतं. म्हणून पेजमेकर जिवंत आहे तोवर त्यातून आरटीएफ काढून घ्या, त्यात फॉन्टचं नाव टिकतं. नुसतं टेक्स्ट काढलंत तर ते जातं.

जुनं विंडोज आणि पेजमेकर नव्या मशीनमध्ये व्हर्च्युअलबॉक्समध्ये (मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) ठेवता येतं, इंटरनेट तोडून. यूएसबीचं लॉकही आत देता येतं. पण आधी लॉकसकट चालवून बघा, मगच जुनं मशीन हलवा.

कंपोझ_कराड

सर, मी पत्रिकेचा 'चि.' आणि 'सौ.कां.' डोळे मिटून जुळवते, पण त्या फाइलीत आत मराठीच नाही हे कुणी असं सांगितलं नव्हतं. टाइप करताना वेलांटी आधी दाबायची हे बोटांत बसलंय. ती फाइलीतही तशीच पडून राहते आणि तुमच्या कानांपर्यंत बिघडलेली पोचते, हा विचार कधी डोक्यात आलाच नाही.

तो २००३चा कवितासंग्रह आता तसाच करते. मुलाला विचारलंय, त्याची ना नाही, उलट वडिलांच्या कविता कुणी ऐकणार म्हणून खूश आहे. पेजमेकरमधून आरटीएफ, मग युनिकोड, मग पानं मांडायला इनडिझाइनवाल्याकडे. दुसरी आवृत्ती युनिकोडमध्येच निघेल. तपासायला तुम्हाला पाठवू का?

आणि पाना_पकड दादा, नवं-कोरं मशीन घेण्याचा बेत मी सोडलाय. कंपन्यांच्या भाडेकरारातून परत आलेली दहाव्या पिढीची मशीनं मिळतात, तसलं घेऊन माझ्या जुन्याच पट्ट्या टाकते. विंडोज ११ त्यावर चालेल ना? तळहाताएवढा छोटा मिनी डबा बघितलाय, टेबलावर जागाच जागा होईल.

श्रुतलेखन_अमरावती

पाठवा ताई. वर्डची फाइल पाठवा, पीडीएफ नको. कवितेची ओळ जिथे तुटते तिथे एंटर राहू द्या, सगळं सलग करू नका. मी ओळीओळीने ऐकतो, म्हणजे कुठे रफार घसरलाय ते ओळीसकट सांगता येईल. अनुक्रमणिका आधी आली तर उत्तम.

पाना_पकड_नाशिक

दहाव्या पिढीवर ११ चालतं. पण मिनी घेऊ नका, पट्ट्या बसणार नाहीत. तुमच्या मशीनमध्ये डेस्कटॉपच्या लांब पट्ट्या असणार, मिनीला लॅपटॉपच्या आखूड लागतात. त्याच कंपन्यांचा एसएफएफ डबा मागा, पुस्तकासारखा उभा राहतो, त्यात लांब पट्टी जाते आणि पंखाही हातात मावण्याएवढा मोठा असतो. घेण्याआधी तुमच्या पट्टीवरचं स्टिकर बघून डीडीआर४ लिहिलंय का ते इथे टाका. २०१७च्या काही बोर्डांत डीडीआर३सुद्धा होती, ती निघाली तर वेगळा विचार करू.